मोजल्याबिगर खिडकी सोडू नका

पुकळे अण्णांनी खिडकीत बसून कधी कुणाची रक्कम तोंडाने उच्चारली नाही. पलूसच्या आमच्या शाखेत ते एकवीस वर्षं कॅशियर होते. त्यातली शेवटची चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. तेवढ्या काळात "पाच हजार" किंवा "दीड लाख" हे शब्द त्यांच्या आवाजात मी ऐकले नाहीत. समोरच्याने पैसे काढायची स्लिप सरकवली की ते ती वाचायचे, पालथी घालायचे, मागच्या कोऱ्या बाजूला पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती असं बारीक अक्षरात लिहायचे आणि कागद काचेखालून पुन्हा त्या माणसाकडे फिरवायचे. माणसाने मान हलवली की मग नोटा. शंभराच्या जास्त हव्या असतील तर त्यानेही बोटानेच दाखवायचं. नवीन गिऱ्हाईक बाजूला येऊन मला हळूच विचारायचं, की कॅशियरसाहेबांना बोलता येत नाही का.

त्यांचं गाव आटपाडीच्या पुढे, माळावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील तिन्हीसांजेला मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे, पण आकडा कधी बोलायचे नाहीत. बोलला की नजर लागते, अशी समजूत. अण्णा बी.कॉम. झाले, बँकेत लागले, नजरेबिजरेवर त्यांचा विश्वास राहिला नाही. पण सवय राहिली. मी एकदा त्यावरून थट्टा केली तेव्हा ते म्हणाले, "माणसाचा आकडा त्याचा त्याला ठावं असावा, ताई. मागं रांगेत भावकी उभी असती."

ते खरंच होतं. आमच्या रांगेत एका घरातली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. थोरल्याने किती काढले हे धाकट्याला कळलं की संध्याकाळी घरात चूल वेगळी व्हायची. अण्णांच्या खिडकीवर ते कळत नसे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे मोजणं. पैसे देऊन झाले की एकच वाक्य ते मोठ्याने बोलत, दिवसातून दीडशे वेळा: "मोजल्याबिगर खिडकी सोडू नका." आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. माणूस मोजेपर्यंत ते पुढची स्लिप हातात घेत नसत. एक म्हातारा धनगर यायचा, त्याला विसापुढे मोजता येत नसे. अण्णा काउंटरवर त्याच्यासाठी वीसवीस नोटांच्या चळती मांडत, प्रत्येक चळतीवर त्याचा हात ठेववत, मग पुढची. रांग दारापर्यंत जायची. उसाचं बिल जमा झालेल्या दिवसांत तर लोक उघड शिव्या देत. शेवटी मॅनेजरांनी मोजायचं मशीन आणून ठेवलं. अण्णांनी ते वापरलं, नाही असं नाही. पण मशीनमधून काढलेल्या नोटा ते गिऱ्हाइकासमोर पुन्हा हाताने मोजत. मॅनेजर चिडले तेव्हा अण्णा म्हणाले, "सायेब, मशीन नोटा मोजतंय. माणसाला पटवत न्हाई."

मी साताऱ्याहून आलेली, एम.कॉम., डोक्यात संगणकाचा तोरा. मला हा माणूस म्हणजे शाखेच्या गळ्यातलं लोढणं वाटे. तो तोरा उतरला तो मी पहिल्यांदा कॅशवर बसले त्या दिवशी. अण्णांची रजा होती. संध्याकाळी माझ्या कॅशमध्ये दोन हजार कमी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी माझ्या सगळ्या स्लिपा पालथ्या घालून पाहिल्या. एकाच स्लिपेच्या मागे मी नोटांचा तपशील लिहिला नव्हता. त्या माणसाचा पत्ता घेऊन संध्याकाळी ते मला मोटारसायकलवर बसवून ताकारीच्या वाटेवरच्या एका वस्तीवर घेऊन गेले. मला वाटलं आता भांडण होणार. अण्णा ओसरीवर बसले, पाणी प्यायले, उसाची चौकशी केली आणि म्हणाले, आमच्याकडून मोजण्यात चूक झाली असावी, तुमच्यासमोर एकदा मोजून बघू. त्या माणसाने आतून पैसे आणले. चार नोटा जास्त निघाल्या. तो इतका ओशाळला की त्याची बायको आम्हाला जेवल्याशिवाय सोडेना. येताना अण्णा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की खिशातले दोन हजार घालून मोकळ्या झाला असतात तर हिशोब जुळला असता, पण खोटा जुळला असता.

हा त्यांचा हट्ट होता. कॅश कमी आली की बहुतेक कॅशियर स्वतःचे दहावीस घालतात आणि घरी जातात. अण्णांनी ते कधी केलं नाही. रुपया कमी तर रुपया कमी म्हणून लिहीत आणि सापडेपर्यंत शोधत.

आणखी एक काम ते करत, जे नियमात कुठेच बसत नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या खातेदारांच्या घरी ते जात. बँक सुटल्यावर जाऊन, दोन साक्षीदारांसमोर स्लिपवर अंगठा घेत, दुसऱ्या दिवशी ती स्लिप आमच्याकडे टाकत आणि पैसे घरी नेऊन देत. शर्टाच्या खिशात दोऱ्याने बांधलेली एक लहान वही असे, तिच्यात घेणाऱ्याची सही. मॅनेजरांना ते माहीत होतं. तीन मॅनेजर आले आणि गेले, तिघांनीही पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण त्या म्हाताऱ्यांना खाटेसकट बँकेत आणणारे नातेवाईक त्यांनीही पाहिले होते.

गोदाआक्का अशांपैकी एक. पलूसपासून सहा-सात किलोमीटरवर मळ्यात राहायच्या. नवरा पलटणीत होता, त्याची पेन्शन यायची. थोरला मुलगाही पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, साताऱ्यात घर बांधून राहिलेला. धाकटा वारला होता. त्याची बायको सुशीला आणि नात आक्कांजवळ. आक्कांचं सगळं सुशीला करायची, दोन वर्षं, अंथरुणात. खात्यावर वारस म्हणून थोरल्याचं नाव होतं आणि आक्कांना फोन नसल्यामुळे मोबाइल नंबरही त्याचाच.

एका सोमवारी सुशीला शाखेत आली. सासूबाईंनी अण्णांना बोलावलं होतं. नातीचं सांगलीला नर्सिंगला नाव लागलं होतं, त्यासाठी चाळीस हजार काढून सुशीलाच्या हातात द्यायचे होते. आक्कांना घाई होती. अण्णा म्हणाले, आज येतो.

त्या दिवशी कॅशमध्ये दहा रुपये कमी आले.

मी म्हटलं, अण्णा, उद्या बघू, आक्का वाट बघत असतील. ते ऐकेनात. सात वाजेपर्यंत स्लिपा चाळत बसले. दिवेलागणीनंतर पैशाचा कागद करायचा नाही, हाही त्यांच्या घरचा रिवाज. त्यामुळे सात वाजल्यावर जायचा प्रश्नच नव्हता. मंगळवारीही तेच. बुधवारी दुपारी ते सापडलं: दहाचं नाणं. आमच्याकडे लोक ती नाणी खोटी समजून घेत नाहीत, त्यामुळे ती ड्रॉवरमध्ये साचून राहतात. त्यातलं एक ड्रॉवरच्या मागच्या फटीत जाऊन बसलं होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं. पाचला ते मळ्यात गेले. आक्कांचा अंगठा घेतला, शेजारच्या दोघांच्या साक्षीच्या सह्या घेतल्या, आणि उद्या दुपारी पैसे आणतो असं आक्कांना सांगितलं.

आक्का गुरुवारी पहाटे गेल्या.

अण्णा त्या दिवशी साडेअकराला आले. केस ओले होते. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "आक्का गेल्या. मातीला जाऊन आलो." आणि ती स्लिप माझ्यासमोर ठेवली.

 खातेदार गेला की खातं थांबतं, हे बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "काल सांजच्याला घेतलीया. तवा त्या हुत्या." मी दुसरी वाट सुचवली: नोंद कालच्या तारखेला घालता येते का, मॅनेजरांना विचारते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोलले होते.

"कालचा दिवस बंद झाला, ताई. बंद दिवसात हात घालायचा न्हाई."

 मग खाली बघत म्हणाले, "दोन दिस मी त्यास्नी थांबवलं. धा रुपयांसाठी."

पन्नास हजारांपर्यंतची स्लिप पास करायचा अधिकार माझा होता. मी नोंद केली. का केली, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. कदाचित त्या ओल्या केसांमुळे. कदाचित ताकारीच्या वाटेवरच्या त्या संध्याकाळमुळे. अण्णांनी स्लिप पालथी घातली, मागे लिहिलं: पाचशेच्या ऐंशी. नोटा मोजल्या, पाकिटात घातल्या आणि मोटारसायकल काढून गेले.

मी बटण दाबताच थोरल्याच्या मोबाइलवर मेसेज गेला होता. माझ्या डोक्यात ते आलंच नाही, आणि अण्णांचा फोन बटणांचा, त्यांच्या तर ध्यानीमनीही नव्हतं. पुढचं मला सुशीलाने नंतर सांगितलं. अंगणात माणसं बसलेली. थोरला मुलगा सकाळीच साताऱ्याहून येऊन आईला अग्नी देऊन बसला होता. त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन खिशात ठेवला. अर्ध्या तासाने अण्णा आले. त्यांनी सुशीलाला मागच्या दारी बोलावून पाकीट दिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण लपून दिलं तर ती चोरी, असा त्यांचा हिशोब. भर अंगणात त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, मोजून घ्या.

आणि सुशीलाने ते मोजले. सासूची राख अजून गरम होती आणि ती पंचवीस माणसांसमोर पाचशेच्या नोटा मोजत होती, कारण अण्णा मोजल्याशिवाय हलायला तयार नव्हते. मला सांगताना ती म्हणाली, "मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पर त्यांचं तोंड बघून न्हाई म्हनवंना."

थोरला उठला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "मला पैशाचं दुःख न्हाई, क्याशेर. आई पहाटं गेली. दुपारी आईचा अंगठा कसा उठला, एवढं सांगा."

अण्णांनी सगळं खरं सांगितलं. पण तो प्रश्न त्या अंगणातून बाहेर पडला होता. आठ दिवसांत पलूसच्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर तोच. मेलेल्या बाईचा अंगठा घेतला. चाळीस हजार. ज्या माणसाने जन्मभर कुणाची रक्कम उच्चारली नाही, त्याच्या नावापुढे ती रक्कम चिकटली आणि लोक ती मोठ्याने बोलू लागले. खिडकीवर आलेली माणसं दिलेले पैसे आता दोनदा मोजत, आणि मोजताना अण्णांच्या तोंडाकडे बघत. ते "मोजल्याबिगर" म्हणायला तोंड उघडत आणि मिटत.

मुख्य कार्यालयाकडून चौकशीला एक अधिकारी आले. सभ्य माणूस होता, त्यांना वाईटही वाटत असावं. मॅनेजरांच्या केबिनमध्ये त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. घरी जाऊन अंगठा घेणं ही अनियमितता, त्याला ताकीद, फार तर एक वेतनवाढ बंद, असं ते स्वतःच म्हणाले. साक्षीदारही खरे होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, की नोंद करताना खातेदार वारल्याचं पुकळेंनी तुम्हाला सांगितलं होतं का.

माझी साताऱ्याची बदली मंजूर झाली होती, कागद यायचा होता. माझी तीन वर्षांची मुलगी साताऱ्यात सासूबाईंकडे होती, मी तिला रविवारी भेटत होते. एवढं सगळं मी त्या क्षणी मोजलं. टेबलाच्या काचेखाली एक जुनं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत मी म्हटलं, "नाही."

अधिकाऱ्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा माझ्याकडे वळले नाहीत. हात मांडीवर ठेवून म्हणाले, "न्हाई सांगितलं. ताईंना ठावं नव्हतं."

त्यांच्या सगळ्या नोकरीतली ती एकच खोटी नोंद, आणि ती माझ्या नावावर आहे.

तिचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. पुढे चौकशीच्या निकालाचा कागद आला तेव्हा कळला. त्यात अनियमितता हा शब्द मागे पडला होता. खातेदाराच्या मृत्यूची माहिती सहकाऱ्यापासून दडवून नोंद करून घेतली, असं त्यात लिहिलं होतं. याला फसवणूक म्हणतात. निवृत्तीला आठ महिने उरले असताना अण्णांना सेवेतून कमी केलं. चाळीस हजार त्यांना मिळायच्या रकमेतून वळते करून खात्यात परत भरले आणि ते रीतसर थोरल्याला मिळाले. सुशीला एक दिवस पैसे घेऊन अण्णांच्या खोलीवर गेली होती. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. ते आक्कांचं आहे, मी फक्त पोचवलं, असं म्हणून परत पाठवलं.

शेवटच्या दिवशी ते ड्रॉवर रिकामा करायला आले. त्यात होतं काय? बोट ओलं करायचा स्पंजाचा डबा, दोन टाचण्यांच्या डब्या, चटणीची एक बरणी. मी उठून त्यांच्याजवळ गेले. बोलायचं ठरवून गेले होते, अधिकाऱ्यांना पत्र लिहिते असं सांगायचं होतं. पत्र मी रात्री मनात तीनदा लिहिलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ते म्हणाले, "पोरगी ल्हान हाय तुमची." आणि चटणीची बरणी पिशवीत ठेवली. मला बरं वाटलं. मला खरंच बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. पत्र मी लिहिलं नाही.

महिनाभरात माझी बदली झाली. अण्णा सांगलीला मुलीकडे राहायला गेले, असं कळलं.

दोन वर्षांनी प्रशिक्षणासाठी मला सांगलीला पाठवलं. विश्रामबागेत उतरले होते. एटीएममध्ये पैसे नव्हते, म्हणून माझं एक जुनं खातं असलेल्या दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेले. रांगेत माझ्यापुढे सहा-सात माणसं होती आणि खिडकीशी अण्णा उभे होते. पाठ ओळखायला वेळ लागला, खांदे फार उतरले होते. शर्टाच्या खिशात वही नव्हती.

त्यांनी स्लिप सरकवली. खिडकीतल्या तरुण मुलाने ती उलटी करून पाहिली आणि परत दिली. "काका, मागे काही लिहायचं नाही. दुसरी भरा." तो उद्धटपणे बोलला नाही. अण्णा बाजूच्या टेबलाशी गेले, दोऱ्याला बांधलेल्या पेनाने दुसरी स्लिप भरली आणि परत आले. मुलाने ती वाचली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तीन हजारच ना?"

अण्णांनी मान हलवली.

मशीन घरघरलं. मुलाने नोटा काचेखालून सरकवल्या आणि पुढच्याला हाक मारली. अण्णांनी नोटा उचलल्या, दुमडल्या आणि खिशात टाकल्या. मोजल्या नाहीत. त्यांच्या बोटांनी तसा प्रयत्नही केला नाही. ते वळले आणि रांगेच्या कडेने दाराकडे निघाले.

मी हाक मारायला हवी होती. "अण्णा, मोजून घ्या," एवढं म्हटलं असतं तरी ते थांबले असते. ते माझ्या अगदी जवळून गेले तेव्हा मी भिंतीवरच्या व्याजदराच्या तक्त्याकडे तोंड करून उभी होते. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

माझी पाळी आली. त्या मुलाने मला दहा हजार दिले. मी खिडकीशी उभी राहून मोजले. पाचशेच्या वीस. मागचा माणूस कुरकुरला तरी मी पुन्हा मोजले, सावकाश, एकेक नोट. बरोबर होत्या. मग बाहेर आले. रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं. अण्णा दिसले नाहीत.